रविवारी एसटी की दारातली गाडी? नाशिकबाहेर फिरायला जाणाऱ्यांसाठी एक परीक्षण

ग्रामीण एसटीचं वेळापत्रक गावातून शहरात येणाऱ्यांसाठी बांधलेलं असतं. मुक्कामी गाडी संध्याकाळी गावात जाते, चालक-वाहक रात्री तिथंच थांबतात आणि पहाटे ती गाडी कॉलेजची मुलं, भाजीच्या पाट्या, दवाखान्यात निघालेले म्हातारे यांना घेऊन तालुक्याला किंवा नाशिकला येते. डोंगर, धरण, धबधबा बघायला निघालेल्या नाशिककराला नेमकं उलटं हवं असतं: सकाळी जायचं, संध्याकाळी यायचं, आणि तेही रविवारी, जेव्हा शाळेच्या फेऱ्या बंद असतात. सहलीसाठी एसटी सोयीची की गैरसोयीची, हा वाद घालताना ही दिशा कुणी लक्षात घेत नाही. ती घेतली की कुठे बसने जायचं आणि कुठे गाडी काढायची, हे ठिकाणागणिक स्पष्ट होतं.

या परीक्षणात नेहमीच्या खर्च, वेळ, आराम या निकषांबरोबर आवाज हाही निकष धरला आहे, आणि तो मुद्दाम वरच्या क्रमांकावर ठेवला आहे. माणसं शहराबाहेर जातात ती बहुतेक शांततेसाठी. तिथं पोचल्यावर ती शांतता मोडतो तो आपल्याच गाड्यांचा आवाज, आणि त्याचा त्रास आपण निघून गेल्यावरही रस्त्याकडेच्या वस्तीला होत राहतो.

त्र्यंबक रस्ता: इथे गाडी काढायचं कारण नाही

त्र्यंबकेश्वर नाशिकपासून तीसएक किलोमीटर. एसटीच्या गाड्या जुन्या सीबीएस (मध्यवर्ती बसस्थानक) आणि मेळा बसस्थानकाच्या परिसरातून सुटतात. त्याशिवाय जुलै २०२१ मध्ये सुरू झालेल्या सिटीलिंकच्या शहर बसही त्र्यंबकपर्यंत जातात. फेऱ्या इतक्या आहेत की वेळापत्रक पाठ करावं लागत नाही. सातपूर, बेळगाव ढगा, महिरावणी, तळेगाव, अंजनेरी, पेगलवाडी फाटा असा सरळ रस्ता आहे, घाट नाही. सिंहस्थाची कामं चालू आहेत तोवर मात्र वेळ थोडा जास्तच धरावा.

बस इथे सरस ठरते त्याचं खरं कारण म्हणजे उतरल्यावर पुढचं सगळं पायी आहे. बसस्थानकापासून मंदिर चालत दहा-पंधरा मिनिटांवर, गंगाद्वाराच्या पायऱ्या आणि ब्रह्मगिरीची वाट गावातूनच सुरू होते. गाडीने गेलात तरी ती गावाच्या तोंडाशी सोडून तेवढंच चालायचं असतं. फरक इतकाच की आधी वाहनतळात जागा शोधावी लागते. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी, ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेच्या वेळी, खासगी वाहनं खंबाळ्याला अडवून पुढे एसटीनेच नेतात. म्हणजे जास्तीत जास्त गर्दीच्या दिवशी प्रशासनालाही बसच परवडते. मग इतर रविवारी आपण वेगळं का वागायचं?

अंजनेरीसाठी त्र्यंबकच्याच गाडीत बसून अंजनेरी फाट्यावर उतरायचं. वाहकाला तिकीट घेतानाच ‘अंजनेरी फाटा’ सांगून ठेवावं. जलद फेरी तिथे थांबते का, हे चढण्यापूर्वी विचारावं. फाट्यापासून गाव किलोमीटरभर, पुढे डोंगराच्या पायथ्यापर्यंत आणखी चाल. गाडीवाले पायथ्यापर्यंत गाडी रेटतात आणि वाटेवर धूळ, पहिल्या गिअरचा घरघराट आणि मागे-पुढे करण्याची झटापट घेऊन जातात. अंजनेरीचा डोंगर २०१७ पासून संवर्धन राखीव क्षेत्र आहे, इथे गिधाडं आहेत. फाट्यापासून चालत गेलं तर गड सुरू होण्याआधीच कान मोकळे होतात.

भाड्याचा हिशेब सोपा आहे. एसटीचं भाडं सहा किलोमीटरच्या टप्प्यावर आकारतात. जानेवारी २०२५ च्या भाडेवाढीनंतर साध्या गाडीला टप्प्यामागे दहा रुपयांच्या आसपास पडतात, म्हणजे त्र्यंबकचे पाच टप्पे पन्नासच्या घरात. महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट, पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धं, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्धं आणि पंचाहत्तरीपुढे मोफत. आई, वडील आणि दोन मुलं एका बाजूने सव्वाशेत जातात, दोन्हीकडचे अडीचशे. आजी पंचाहत्तरीच्या पुढची असेल तर ती फुकट. तिचं ओळखपत्र तेवढं जवळ हवं. त्याच प्रवासाला पंधराच्या मायलेजची गाडी चार लिटर पेट्रोल खाते, म्हणजे चारशेच्या वर, आणि वाहनतळाचे पैसे वेगळे. चार मित्र पूर्ण तिकिटाने निघाले तर मात्र दोन्ही खर्च जवळजवळ सारखे होतात, आणि तिथून पुढे निर्णय पैशांवर घेता येत नाही. एसटीच्या या सवलती सिटीलिंकलाही लागू आहेत असं गृहीत धरू नये; तिथं तिकीट काढताना विचारून घ्यावं.

त्र्यंबकसाठी एसटीला पाचपैकी साडेचार. अर्धा गुण उभ्याने प्रवास करावा लागतो त्याचा: रविवारी सकाळी आठनंतर सीबीएसवरून बसायला जागा मिळणं अवघड, सातच्या आत सहज मिळते.

एक बस आणि तेरा गाड्या

‘एसटीचाच आवाज केवढा मोठा!’ असं गाडीवाले म्हणतात, आणि ते खरं आहे. डिझेलची जुनी लाल बस जवळून गेली की बोलणं थांबवावं लागतं. पण तुलना करायची तर माणशी करावी.

डेसिबलची मोजणी साध्या बेरजेने होत नाही. एकसारखी दोन वाहनं म्हणजे एकाच्या आवाजात तीन डेसिबलची भर, दहा वाहनं म्हणजे दहा डेसिबलची. दहा डेसिबल वाढले की आवाज साधारण दुप्पट झाला असं कानाला वाटतं. आता एक बस आवाजाच्या बाबतीत चार मोटारींएवढी धरू. म्हणजे ती एका मोटारीपेक्षा सहा डेसिबलने मोठी. त्या बसमधली चाळीस माणसं गाडीमागे तीन अशी निघाली तर तेरा गाड्या लागतात, त्यांची भर अकरा डेसिबलची. एवढं गृहीत धरूनही बस पाच डेसिबलने शांत निघते. शिवाय बसचा आवाज एकदा येतो आणि जातो. तेरा गाड्या तासभर एकामागून एक जात राहतात आणि त्या तासात वस्तीला उसंत मिळत नाही.

हॉर्न या हिशेबात धरलेलाच नाही. सरासरी काढली की हॉर्न तिच्यात बुडून जातो, पण माणसाला, गुराला आणि पाखराला दचकवतो तो हॉर्नच. अनावश्यक किंवा सतत हॉर्न वाजवल्याबद्दल मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ एफ खाली पहिल्यांदा एक हजार आणि पुन्हा केल्यास दोन हजार रुपये दंड आहे. ग्रामीण रस्त्यावर तो आकारला जाताना क्वचितच दिसतो.

आणखी एक बाब गाडी घेणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी. ताशी पन्नासच्या आसपास वेग गेला की मोटारीचा मुख्य आवाज इंजिनाचा राहत नाही, टायर आणि रस्ता यांच्या घर्षणाचा होतो. त्यामुळे महामार्गावर विजेवरची गाडी पेट्रोलच्या गाडीपेक्षा फारशी शांत नसते. गावातल्या रस्त्यावर तीसच्या वेगाने जाताना मात्र फरक ठळक कळतो. एसटीच्या ताफ्यात विजेवरच्या बस येऊ लागल्या आहेत, त्यांचा खरा उपयोग घाटात आहे: खालच्या गिअरमध्ये चढताना डिझेल इंजिनाची जी गर्जना दरीभर घुमते ती तिथं नसते.

पहिणे: पावसाळ्यातला रविवार

पेगलवाडी फाट्यावरून घोटीकडे जाणारा रस्ता पहिण्यावरून जातो. जुलै-ऑगस्टमध्ये दोन्ही बाजूंना कड्यांवरून पाणी पडत असतं आणि रस्त्याची रुंदी दोन गाड्या जेमतेम निघतील एवढी. एक गाडी धबधब्याचा फोटो काढायला कडेला थांबते, तिच्या मागची दुसरी बाजूने काढायला जाते, समोरून जीप येते आणि तिघंही अडकतात. साइडपट्टी पावसाने मऊ झालेली असते. चाक उतरवलं की रुततं. मग हॉर्न सुरू होतात. दोन्हीकडे कडे असल्याने आवाज परतून येतो आणि दरीतल्या पाण्याचा आवाज त्याखाली बुडतो. दारं उघडी टाकून लावलेली गाणी आणि सायलेन्सर बदललेल्या दुचाकी यांनी उरलेलं काम होतं.

इथे बस हा पूर्ण पर्याय नाही, कारण या रस्त्याला फेऱ्या मोजक्या आहेत. जमणारा मार्ग असा: त्र्यंबकच्या गाडीने पेगलवाडी फाट्यावर उतरायचं आणि तिथून रिक्षा किंवा जीप ठरवून पुढे जायचं. परतीचं बोलणं जातानाच करून ठेवावं, ‘तीनला इथेच या’ असं वेळ आणि जागा सांगून. मोबाइलला रेंज मिळेल यावर विसंबू नये. गाडीच न्यायची असेल तर सकाळी सातच्या आत पोचून दहाच्या आत बाहेर पडावं. अकरानंतर रस्ता कोंडायला लागतो. सगळ्यात चांगलं म्हणजे हे ठिकाण रविवारी टाळून बुधवारी बघावं.

पावसाळ्यात या भागात बंदीचे आदेश निघतात, धबधब्यांच्या वाटा बंद केल्या जातात. त्र्यंबक-जव्हार रस्त्यावरच्या दुगारवाडीला पाणी अचानक वाढून माणसं अडकल्याचा इतिहास आहे. निघण्याआधी त्या दिवसाचा आदेश पाहावा, आणि बंदी असेल तर जाऊ नये.

हरिहर गडाची अडचण वेगळी. पायथ्याचं निरगुडपाडा त्र्यंबकच्या पुढे वीसएक किलोमीटर, खोडाळ्याच्या रस्त्यावर. तिकडच्या गाड्या थोड्या आणि वेळा गावच्या सोयीच्या. सकाळची गाडी चुकली तर दिवस गेला, संध्याकाळची चुकली तर मुक्काम. त्र्यंबकपर्यंत एसटी आणि पुढे पाच-सहा जणांत जीप, हाच व्यवहार्य मार्ग.

सप्तशृंगगड आणि घाटाची शिस्त

नाशिक, दिंडोरी, वणी, नांदुरी आणि तिथून दहा किलोमीटरचा घाट. सगळं मिळून साठ-पासष्ट किलोमीटर, म्हणजे दहा-अकरा टप्पे. चैत्रोत्सवात आणि नवरात्रात खासगी गाड्या नांदुरीला थांबवतात आणि वर फक्त एसटी जाते. ते दिवस घाटाच्या दृष्टीने सर्वांत सुरक्षित आणि, गर्दी असूनही, वाहनांच्या आवाजाच्या दृष्टीने सर्वांत शिस्तीचे. गडावरच्या गावातून मंदिरापर्यंत सुमारे पाचशे पायऱ्या आहेत. २०१८ पासून फ्युनिक्युलर म्हणजे रुळांवरून चढणारी ट्रॉलीही आहे, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्यांनाही बसने येऊन दर्शन घेणं शक्य झालं आहे.

एरवी गाडीने जाणाऱ्यांनी उतरताना ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरावं. न्यूट्रलला टाकून पेट्रोल वाचवायचा प्रकार घाटात जिवावर बेततो: इंजिनाचा रोध नाहीसा होतो, सगळा भार ब्रेकवर येतो, ते तापतात आणि ऐन वळणावर पकड सुटते. ब्रेकचा जळका वास आला तर रुंद जागी थांबून ते गार होऊ द्यावेत, त्यावर पाणी ओतू नये. वळण आंधळं असेल तर वळणाआधी एक छोटा हॉर्न पुरतो. वळण संपेपर्यंत दाबून धरला तर समोरच्याचा हॉर्न ऐकूच येत नाही, म्हणजे हॉर्नचा हेतूच फसतो.

नाशिकहून थेट गडाची गाडी मिळाली तर उत्तम. नाही मिळाली तर वणीपर्यंत येऊन पुढची गाडी धरावी. पंचवटीतल्यांनी सीबीएसपर्यंत उलटं जायची गरज नाही; गाडी दिंडोरी नाक्यावरूनच जाते, पण तिथं बसायला जागा मिळेल अशी आशा सणासुदीला ठेवू नये. गडावर पोचल्यावर पहिलं काम म्हणजे परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ वाहतूक नियंत्रकाला विचारणं. फलकावरची वेळ आणि त्या दिवशीची वेळ एकच असेल असं नाही. एसटीला इथे पाचपैकी चार.

बसमध्ये कुठे बसावं

लाल बसमध्ये पुढच्या दोन रांगा टाळाव्यात. ज्या गाड्यांचं इंजिन चालकाशेजारी असतं तिथे आवाज आणि उष्णता दोन्ही पुढेच. मागच्या चाकावरची आणि शेवटची रांग खड्ड्याला उडते. दोन्ही चाकांच्या मधल्या रांगा सर्वांत बऱ्या. आतला निम्मा आवाज इंजिनाचा नसतो, खिडकीच्या काचांच्या खडखडाटाचा असतो. काच आणि खाच यांच्या फटीत तिकिटाची किंवा कागदाची घडी घट्ट खोचली की आपल्यापुरता तो बंद होतो. लांबच्या प्रवासाला कानात घालायचे स्पंजचे बोळे जवळ ठेवावेत. औषधाच्या दुकानात मिळतात. सुट्टे पैसे हवेतच. तिकीट यंत्रावर क्यूआर कोडने पैसे देता येतात, पण रेंज नसलेल्या घाटात नोटच उपयोगी.

मळमळ होणाऱ्या मुलांना बाहेरचं दिसेल अशा जागी, उघड्या खिडकीशी, मधल्या रांगेत बसवावं आणि निघण्याआधी तासभर दूध देऊ नये.

इगतपुरी: गावापर्यंत रेल्वे, पुढे जागा पारखून

इगतपुरीला एसटी आणि मोटार दोन्हींपेक्षा रेल्वे चांगली. नाशिकरोडहून अंतर पन्नास किलोमीटरच्या आसपास, मुंबईकडे जाणाऱ्या बऱ्याच गाड्या थांबतात, तास लागत नाही. मोटारीला हेच अंतर मुंबई-आग्रा महामार्गावरून ट्रकांच्या रांगेत काटावं लागतं. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला, त्यामुळे मुंबई-ठाण्याच्या गाड्या इगतपुरीत आणखी लवकर पोचतात आणि शनिवार-रविवारी गावातली वर्दळ त्या प्रमाणात वाढते.

इगतपुरीला राहायची जागा घेताना मात्र आवाजाचा विचार आधी करावा, कारण दोन मोठे स्रोत शेजारी आहेत. पहिला महामार्ग. दुसरा लोहमार्ग: कसाऱ्याहून घाट चढणाऱ्या गाड्यांना मागून जादा इंजिनं लावतात आणि ती इगतपुरीत काढतात, त्यामुळे शिट्या आणि इंजिनांची ये-जा रात्रभर असते. जाहिरातीतलं ‘महामार्गापासून अर्धा किलोमीटर’ हे शांततेचं प्रमाणपत्र नाही. सतत वाहणाऱ्या रस्त्याचा आवाज अंतर दुप्पट झाल्यावर साधारण तीन डेसिबलने उतरतो. रस्त्यापासून पंधरा मीटरवर ७२ डेसिबल असतील तर तीसवर ६९, साठवर ६६, एकशेवीसवर ६३, दोनशे चाळीसवर ६०, आणि अर्ध्या किलोमीटरजवळ ५७. मधे मऊ शेतजमीन असेल तर आणखी थोडा कमी. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ आहे. म्हणजे त्या खोलीत रात्रीची मर्यादा गाठायलाही रहदारी बरीच ओसरावी लागते.

अंतरापेक्षा आड काय आहे ते महत्त्वाचं. खोली आणि रस्ता यांच्यामध्ये टेकडीचा सोंड आला आणि रस्ता दिसेनासा झाला की दहा डेसिबल किंवा जास्तही कमी होतात. झाडांची एक-दोन रांगांची पट्टी डोळ्यांना बरी वाटते, आवाज जवळजवळ अडवत नाही. म्हणून बुकिंग करताना फोनवर एकच विचारावं: ‘खोलीच्या खिडकीतून महामार्ग किंवा रेल्वेचा रूळ दिसतो का?’ दिसत असेल तर ऐकूही येणार. हिवाळ्यात हा त्रास वाढतो. रात्री जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार राहते, त्यामुळे वर निघालेला आवाज वाकून पुन्हा खाली येतो आणि दुपारी ऐकू न येणारा महामार्ग पहाटे उशाशी आल्यासारखा वाटतो. गंगापूर धरणाच्या बाजूला तंबूत राहणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावं.

मोबाइलमधल्या डेसिबल मोजणाऱ्या ॲपवर आकडा किती येतो याला फार अर्थ नाही, पाच-सात डेसिबलची चूक सहज असते. तुलनेसाठी ते चालतं: एकाच फोनने, माईक झाकला जाणार नाही असा धरून, वारा नसताना, दोन्ही जागी दहा-पंधरा मिनिटांची सरासरी घ्यावी. फोन नको असेल तर साधी कसोटी: मीटरभर अंतरावरच्या माणसाशी नेहमीच्या आवाजात बोलता येतं का. साधं बोलणं तिथे ६० डेसिबलच्या आसपास पोचतं. त्यासाठी आवाज चढवावा लागला तर जागा गोंगाटाची.

काजवे, भंडारदरा आणि रात्रीची अडचण

कळसूबाईच्या पायथ्याचं बारी गाव घोटीहून भंडारदऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. नाशिकहून घोटीपर्यंत गाड्या भरपूर. घोटीहून बारी-राजूर-अकोले मार्गावरच्या एसटी आणि काळी-पिवळी जीप मिळतात. दिवसाच्या चढाईसाठी हे जमतं, फक्त बारीहून घोटीला परतायची वेळ दुपारी चारच्या आत ठेवावी.

मे अखेर ते जून मध्यात काजवे पाहायला मात्र बस उपयोगी नाही, कारण काजवे रात्रीच दिसतात. परिणामी शनिवारच्या रात्री भंडारदरा, घाटघर, साम्रद या अरुंद रस्त्यावर गाड्यांची रांग लागते. काजव्यांचं चमकणं हा त्यांच्या मीलनाचा संकेत आहे. हेडलाइटच्या झोतात तो दिसेनासा होतो. रस्त्याकडेच्या वाड्यांमधली माणसं पहाटे भाताच्या रोपांच्या कामाला उठतात, त्यांना रात्री दोनपर्यंत हॉर्न ऐकावे लागतात. आधी वन्यजीव विभागाच्या प्रवेशाच्या वेळा पाहाव्यात, दिवसाउजेडी भंडारदरा धरणाजवळच्या शेंडी गावात पोचून गाडी तिथेच ठेवावी आणि स्थानिकाची एकच जीप भाड्याने घेऊन आठ-नऊ जणांनी मिळून जावं. पैसे गावात राहतात आणि तीन गाड्यांच्या जागी एक जाते. शक्य असेल तर शनिवार सोडून मधला वार निवडावा.

वाइनरीला जाणाऱ्यांसाठी एवढंच: रक्तात १०० मिलिलिटरमागे ३० मिलिग्रॅम ही कायद्याची मर्यादा आहे आणि चव घेता घेता ती ओलांडली जाते. जाता-येता भाड्याची गाडी ठरवा.

चाळीस जण असाल तर

सोसायटी, शाळा, भजनी मंडळ यांनी पाच-सात मोटारींचा ताफा काढण्याआधी आगारात जाऊन ‘प्रासंगिक करार’ विचारावा. यात अख्खी एसटी चालकासह ठरवून मिळते. किलोमीटरप्रमाणे आकार, किमान अंतराची अट, अनामत रक्कम असं त्याचं स्वरूप असतं. लग्नसराईत आणि यात्रांच्या दिवसांत गाड्या मोकळ्या नसतात, म्हणून अर्ज आधी द्यावा आणि अर्जात थांबे, वेळा, परतीचा मार्ग स्पष्ट लिहावा. ऐनवेळी मार्ग वाढवला तर आकार वाढतो. दिवसभर गाडी आपलीच असल्याने वेळापत्रकाच्या दिशेची अडचणच उरत नाही. ज्या ठिकाणी नेहमीची एसटी फसते, भंडारदरा असो की हरिहर, तिथे मोठ्या गटाला हा सर्वांत चांगला मार्ग आहे आणि तो फार कमी लोक वापरतात.

नांदूर मध्यमेश्वर: इथे गाडी लागते, आणि इथेच ती सर्वांत जास्त नडते

गोदावरी आणि कादवेच्या संगमावरच्या बंधाऱ्याने झालेली ही पाणथळ जागा २०२० साली महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) ठरली. पाखरं पाहायची खरी वेळ सूर्योदय ते नऊ. त्या वेळी चापडगावच्या प्रवेशद्वाराशी पोचायचं तर नाशिकहून पाचच्या आसपास निघावं लागतं. निफाडपर्यंत छत्रपती संभाजीनगर रस्त्यावरच्या गाड्या मिळतात, पण निफाडपासून पुढच्या बारा-एक किलोमीटरला त्या वेळी काही मिळेल याची खात्री नाही. एसटीला इथे पाचपैकी दीड, आणि तोही निफाडपर्यंतच्या प्रवासासाठी.

म्हणून इथे गाडी न्यावी, पण चौघांत एक, आणि काही पथ्यं पाळून. गावात शिरताना काचा वर, गाणी बंद. प्रवेशद्वाराच्या अलीकडे गाडी लावून इंजिन लगेच बंद करावं. हीटर चालू ठेवून बसणं इथे नको, कारण मोटारीचा खालच्या पट्टीतला आवाज पाण्यावरून लांब जातो. रिमोटने दार लावताना हॉर्न वाजत असेल तर किल्लीने लावावं. दारं आपटू नयेत, दाबून लावावीत. मागे घेताना पिपाणी वाजणारी गाडी असेल तर पोचल्यावरच तोंड बाहेरच्या दिशेला करून लावावी, म्हणजे भर गर्दीच्या वेळी ती वाजणार नाही. आत पक्षिनिरीक्षणाच्या मनोऱ्यापर्यंत पायीच जावं आणि गाइड गावातला घ्यावा, त्याला त्या आठवड्यात कोणतं पाखरू कुठल्या बाजूला उतरतंय ते माहीत असतं. एका हॉर्नने बदकांचा थवा उठला की तो पुन्हा बसेपर्यंत अर्धा तास जाऊ शकतो, आणि तेवढा वेळ त्या पाखरांचं चरणंही थांबतं.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी दर शनिवार-रविवारी पहाटे साडेपाचला सीबीएसवरून चापडगावसाठी एक गाडी सुटावी आणि साडेदहाला परत निघावी, एवढी एकच फेरी एसटीने सुरू केली तर प्रवेशद्वाराशी उभ्या राहणाऱ्या दहा-बारा मोटारी कमी होतील. ही मागणी आगार व्यवस्थापकाकडे लेखी करता येते. पक्षिमित्रांच्या गटांनी, महाविद्यालयांच्या निसर्ग मंडळांनी आणि गाइड म्हणून काम करणाऱ्या गावच्या तरुणांनी एकत्र सही करून, अपेक्षित प्रवासी संख्या, तारखा आणि थांबे लिहून ती ऑक्टोबरच्या आत द्यावी.